डबीतले पांढरे कण

मैत्रिणींनो, आधी आपल्या शहनाजला विचारते. आठवतंय शहनाज? शाळेच्या सुट्टीत तुझ्या मामांकडे लासूर स्टेशनला जायचो. परतीची गाडी उशिरा असली की फलाटावर बसून दातांनी ऊस सोलायचो, कुणाचं साल लांब निघतं याची पैज लावून...

त्या वरच्या दाढा आता राहिल्या नाहीत. म्हणून औरंगपुऱ्यातल्या एका नव्या दवाखान्यात इम्प्लांट करायचं ठरवलं. वरचं हाड पातळ झालंय, तेव्हा गालामागच्या पोकळीचा पडदा अलगद उचलून त्याखाली हाडाची पूड भरायची, याला सायनस लिफ्ट म्हणतात, असं डॉक्टरांनी समजावलं. डॉक्टर माझ्या मुलाहून लहान!

ऑपरेशन चालू असताना ते मध्येच थांबले. असिस्टंटला हळूच इंग्रजीत म्हणाले, छोटं पर्फोरेशन झालंय, अजून एक मेम्ब्रेन उघड. सुती साडीतल्या काकूंना काय कळणार, असं वाटलं असावं... काकूंना सगळं कळलं. पडद्याला भोक पडलं होतं, त्यावर ठिगळ लागणार होतं.

नंतर सूचनांचा कागद हातात दिला, सही घेतली. पण त्या भोकाबद्दल अवाक्षर नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. नाक शिंकरायचं नाही, एवढं वाचून मी कागद पर्समध्ये कोंबला.

आठव्या दिवशी चूळ भरताना पाणी नाकातून आलं. रुमालावर रव्यासारखे पांढरे कण... म्हणजे ती पूडच! पुरावा म्हणून ते कुंकवाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवले. आणि रागाच्या भरात कॉलनीच्या आपल्या याच ग्रुपवर डॉक्टरांच्या नावासकट लिहून टाकलं, यांनी पडदा फाडला आणि ते लपवलं, कुणी जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी शहनाजला घेऊन दवाखाना गाठला. पावसानं दोन वर्षं पाठ फिरवलेली, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्यात नव्या पाइपलाइनसाठी रस्ते उकरलेले. रिक्षातून उतरेपर्यंत दोघी धुळीनं माखलो.

मी डबी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी कण बघितले, वाद घातला नाही. "काकू, शिंका येतात का फार?" एवढंच विचारलं.

"येतात. पण नाक काही शिंकरत नाही मी," मी तुटकपणे म्हणाले. आणि तेवढ्यात शिंक आलीच... सवयीनं रुमालानं नाक दाबलं, ओठ घट्ट मिटले, शिंक आतल्या आत जिरवली आणि वर "सॉरी" म्हटलं. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरनी तसंच शिकवलेलं. चारचौघांत शिंक ऐकू येता कामा नये.

डॉक्टरांनी सूचनांचा कागद मागितला. शहनाज मात्र ओरडली, "अगे, मुँह खोल के छींक ना! सिस्टर को जाके जमाना हो गया, तू अब्बी तक डरती क्या?"

मग पर्समधला कागद काढला. चौथ्याच ओळीत लिहिलं होतं, शिंक आल्यास नाक दाबू नये, तोंड उघडे ठेवावे. खाली माझी सुबक सही...

"दाबलेल्या शिंकेचा जोर त्या शिवलेल्या जागेवर बसला असणार," डॉक्टर म्हणाले. "पण चूक माझीही आहे, काकू. पडदा फाटला, त्यावर ठिगळ लावलं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही घाबराल म्हणून बोललो नाही."

म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. पण पुरता खराही नव्हता.

त्याच दिवशी त्यांनी बिघडलेली पूड काढून जागा साफ केली. आता पुन्हा पूड भरण्याआधी काही महिने थांबायचं. टाके घालून झाल्यावर शांतपणे म्हणाले, "ग्रुपवरचा तुमचा मेसेज मला चार जणांनी पाठवला, काकू." माझा जबडा बधिर, तोंडात कापसाचा बोळा... मला साधं सॉरीसुद्धा म्हणता येईना.

तर मैत्रिणींनो, तो मेसेज ज्यांना ज्यांना पुढे पाठवलात, त्यांना हेही पाठवा. बजाजनगरच्या मावशींनी आपली तपासणी रद्द केलीय, त्यांना सगळ्यात आधी. सूचनांच्या कागदाचा फोटो खाली टाकलाय. घरात कुणाचं हे ऑपरेशन असेल तर त्यांना नुसता देऊ नका, समोर बसून वाचून दाखवा.

डॉक्टरांना मात्र कुणी काही पाठवू नका. सोमवारी टाके काढायला जाणार आहे, तेव्हा माफी मी माझ्या तोंडानं मागेन.