सुधाबाईंनी परत केलेली दक्षिणा

सुधाबाई गेल्याचं सुनेनं फोन ठेवता ठेवता सांगितलं. मी वाटाणे सोलत होते, सोलतच राहिले. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. राग मात्र आला. भांडण अर्धवट टाकून गेली बाई...

आम्ही गंगेकाठच्या बालाजी घाटावरचे मराठी भिक्षुक. थोरली मुलगी तापानं गेली, तिला आमच्याच पायऱ्यांवरून गंगेवर नेलं, आणि त्यानंतर मला घाट उतरता येईना. तिसऱ्या पायरीवरूनच मागे फिरायचे. सुधाबाई मूळच्या नागपूरच्या, इथं युनिव्हर्सिटीत मानसशास्त्र शिकवायच्या आणि दर गुरुवारी घरच्या खोलीत माझ्यासारख्यांना बघायच्या. तेव्हा मी तिशीतली, नऊवारीतलं शहाणपणाचं गाठोडं! पहिल्याच दिवशी उठताना मी विड्याच्या पानावर सुपारी आणि अकरा रुपये ठेवून त्यांच्यापुढे केले.

“हे काय?”

“दक्षिणा. यथाशक्ती.”

“फी पन्नास रुपये आहे.”

“नुसत्या बोलण्याचे पन्नास? तेवढ्यात आमचे हे अख्खा अभिषेक करतात, घंटा वाजवून!”

“मग त्यांच्याकडूनच करून घ्या.” पान त्यांनी माझ्याकडे सरकवलं. “परवडत नसेल तर कमी घेईन. पण किती, ते तुम्ही सांगायचं.”

आमच्या घरात आकडा तोंडानं सांगणं म्हणजे हलकेपणा. सासरे यजमान देईल ते हसून घेत आणि गल्लीत वळलं की त्याचा उद्धार करत. मीही त्याच तालमीतली. तीन गुरुवार पान पुढे केलं, तीनही वेळा ते परत आलं. बाई हावरट आहे, अशी माझी खात्री पटली. चौथ्या गुरुवारी त्या म्हणाल्या, “तुम्हाला फुकटही बघेन हो. मग तुम्ही माझ्या पाया पडाल, लोणची आणून द्याल आणि माझ्यावर कधीच चिडणार नाही. घरी तेच चाललंय ना? सगळ्यांचे उपकार मानायचे आणि दातओठ खात गप्प बसायचं.”

“वीस!” मी किंचाळले. “वीस देईन, वर छदाम नाही. आणि तुम्ही महादुष्ट बाई आहात!”

“वीस ठीक. बसा. आता मुलीबद्दल बोला.”

बोलले. स्वेटर विणून ते वीस रुपये मिळवले आणि दर गुरुवारी त्यांच्याकडून वसूल केले. कधी रडून, बहुतेक वेळा भांडून. वर्षभरानं पाण्यापर्यंत पोचले, तशीच ओल्या पदरानं सांगायला गेले, तर दार अर्धवट उघडून म्हणतात, “आज मंगळवार. गुरुवारी या.” असली माणूसघाणी बाई! आभार मी मानले नाहीत, त्यांनीही वाट पाहिली नाही.

आता काठी टेकत रोज घाट उतरते. शेवटच्या पायरीवर पाय भिजले की सुधाबाईंना एक सणसणीत शिवी हासडते. त्या गेल्या तरी थांबलेले नाही. परवा नातीनं ऐकलं. “आजी, किसको डाँट रही हो?”

“आहे एक बाई,” मी म्हटलं. “फी भरलीय मी तिची.”