वाडी आणि बुरूज

अमानवीय वगैरे प्रकारांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. माझी श्रद्धा एकाच गोष्टीवर — रस्त्याकडेच्या ब्राऊन बोर्डांवर. ‘ऐतिहासिक किल्ला’ असा बोर्ड दिसला की मी गाडी वळवणारच. निम्म्या वेळा तिथे चार दगड आणि एक बकरी.

नव्वदीतली गोष्ट. शारजात नवीनच होतो. शुक्रवारच्या सुट्टीला बायको मीना आणि मुलगी सई यांना घेऊन फुजैराकडे निघालो. मसाफीच्या पुढे, आतल्या रस्त्यावर, इंग्लिशमध्ये बोर्ड — ‘वाडी’ अमुकतमुक. मी पडलो कोकणातला! म्हटलं, वाडी म्हणजे चार घरं, चहा तरी मिळेल.

घर एकही नाही. डोंगरांमध्ये नुसता गोट्यांचा कोरडा पट्टा.

“वाडीतली सगळी माणसं मुंबईला गेलेली दिसतायत,” मीना म्हणाली.

गाडी रस्त्यावर ठेवून आम्ही खाली मधोमध चटई अंथरली. डोक्यावर लख्ख ऊन, लांबच्या डोंगरावर जरासा काळा ढग. तेवढ्यात रस्त्याच्या बाजूच्या चढावर मला ब्राऊन बोर्ड दिसला. वर जाणारा बाण.

“बुरूज!” मी ओरडलो.

“बाबा, नॉट अगेन!” सई करवादली.

एरवी मीना म्हणते, “अहो, तुम्हीच जा आणि दगड मोजून या.” त्या दिवशी तीच आधी उठली.

तिघंही वर पोचलो, तर बुरूज नव्हताच. मीना तोंड उघडणार, एवढ्यात खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज आला. वळणावरून चहाच्या रंगाचं पाणी लोटत आलं आणि चटई, थर्मास, पोह्यांचा डबा... खलास.

एक पठाण पिकअप थांबवून आमच्यावर खेकसला, “वादी में चटाई? पागल है क्या? ये पानी का रास्ता है!”

वाडी नव्हे, वादी!

परतताना मीनाला विचारलं, “आज तू कशी काय उठलीस?”

“मराठी बोर्ड दिसला म्हणून. इथे कोण लावतं हो?”

मी हसलो. मग हसू विरलं... ‘बुरूज’ मी तरी कोणत्या लिपीत वाचलं होतं? अरबी मला येत नाही. सईला मराठी वाचता येत नाही, म्हणून तिला विचारलं.

“इट सेड टॉवर. इन इंग्लिश. यू बोथ नीड ग्लासेस.”

नंतर तीनदा तिथे गेलो. वादीचा बोर्ड आहे, बुरुजाचा नाही. अरबीतही बुरुजाला ‘बुर्ज’च म्हणतात, हे पुढे कळलं. त्याने उलगडा काहीच होत नाही.

माझ्या बोर्डांवर मीना अजून कुरकुरते. पण गाडी वळवली की चपला आधी तीच घालते.