गजरीसाठी एक कोरी कॅसेट

गंगावेशीत बोलवा अशी होती, की ज्ञानू गवळ्याची म्हैस सिनेमातली गाणी ऐकल्याशिवाय दूधच देत नाही. सकाळी चरवी घेऊन ताटकळणारी गिऱ्हाइकं हे एकमेकांना सांगत, आणि सांगणारा प्रत्येक जण गाणं बदलत असे. भाजीवाली अंबूबाई तर शपथेवर सांगायची, "लावणी लावली की पावशेर वाढीव देतीया. ह्या माझ्या कानानं ऐकलंय!" पावशेर कानानं कसं ऐकलं, हे तिला विचारायची कुणाची टाप नव्हती.

खोटं होतं सगळं. ज्ञानूच्या गोठ्यात टेपरेकॉर्डर होता, हे खरं. त्यात कॅसेट होती, हेही खरं. पण तिच्यावर गाणं नव्हतं, ज्ञानूचा स्वतःचा आवाज होता. आणि तो भरून घेतला तेव्हा त्या आवाजाचे थोडेच दिवस उरले होते.

तसा तो आवाज काही मधाळ नव्हता. पत्र्यावर वाळू ओतावी तसा खरखरीत. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर तो आणखी बसला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मग मिरजेचे डॉक्टर. त्यांनी घशात आरसा धरून पाहिलं आणि सांगितलं, गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, बोलणं जाईल.

"समदंच?"

"सगळंच."

परतीच्या एसटीत धोंडुबाई, त्याची बायको, तोंडात पदर कोंबून रडत होती. ज्ञानू खिडकीबाहेर बघत बसला होता. जयसिंगपूर मागे पडल्यावर त्यानं तोंड तिच्याकडं वळवलं.

"गजरीचं काय करायचं?"

"मेली ती गजरी! हितं तुमच्या जिवावर बेतलंय आणि…"

"अगं, मग ती पान्हा कुनाला घालनार?"

प्रश्न रास्त होता. गजरीचं रेडकू जन्मतःच गेलेलं. रेडकू ढुशी द्यायला नसलं की म्हैस दूध वर ओढून धरते. गजरी ते सोडायची फक्त ज्ञानूच्या हाकेवर. कासेला पाणी लावून, तिच्या कुशीला कपाळ टेकून तो घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "ये माझी बाय, ये. सोड गं, सोड माझे आये." पाच-सात वेळा म्हटलं, की सड भरून यायचे. दुसऱ्या कुणी कितीही गोंजारलं तरी चरवी कोरडी. आणि म्हैस पहाटे गंगावेशीत न्यायची, धार काढायची ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. आठवडा-दोन आठवडे अडली तर ती आटून जाणार, आणि दावणीला दुसरी म्हैस नव्हती. पण ज्ञानूला खरं टोचत होतं ते वेगळंच. मुका होऊन परत आलो, तर गजरीच्या लेखी आपण पावणंच की.

वाट काढली कुतुबुद्दीननं. पापाच्या तिकटीजवळ, तीन रस्ते मिळतात तिथं, त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस बोलता बोलता मध्येच थांबून कान लावायचा, जणू समोरच्याच्या पोटातही एखादी तार सुटली असावी.

"आवाज जातोय ना, मामा? मग जायच्या आधी धरून ठेवू की. कोरी कॅसेट घ्या."

"कोरी म्हंजे? हिच्यात कायबी न्हाई?"

"काहीच नाही."

"मग इकतोयस काय?"

कुतुबुद्दीननं कपाळाला हात लावला आणि काचेवर तीन कॅसेटी मांडल्या. ज्ञानूचा हात सरळ नव्वद मिनिटांच्या कॅसेटीवर गेला. म्हैस काय, कॅसेट काय, मोठी ती चांगली.

"ती ठेवा. तिची फीत पातळ असते. रोज मागं-पुढं केली की ताणते, गुंता होतो. साठची घ्या. आणि ही बघा, हिला स्क्रू आहेत. चिकटवलेली नको. फीत अडकली तर उघडून काढता येते. चिकटवलेली असली तर फोडावीच लागते." मग त्यानं कॅसेटच्या पाठीवरच्या दोन बारक्या खुंट्या दाखवल्या. "भरून झालं की ह्या मोडायच्या. मग तिच्यावर कुणी दुसरं काही भरू शकत नाही. चुकून बटण दाबलं तरी."

"आवाज पुसत न्हाई?"

"नाही पुसत."

ज्ञानूनं त्या खुंट्यांवरून अंगठा फिरवला. "मग हीच दे."

भरायला बसले आणि गाडी अडली. कुतुबुद्दीननं पंखा बंद केला, दार लावलं, बोट वर केलं. ज्ञानूनं टोपी नीट केली, माईकवर वाकला आणि मामलेदारासमोर उभं राहिल्यासारखा ओरडला, "मी! ज्ञानू! बोलत आहे!"

"मामा, लांबून. तो बहिरा नाही."

"काय बोलू?"

"म्हशीला बोलता तेच."

"म्हस कुठाय?"

काही केल्या शब्द फुटेना. समोर कुशी नाही, शेणाचा वास नाही. लाकडी टेबलाला 'माझी बाय' म्हणायचं तरी कसं? शेवटी तो उठला, घरी गेला आणि गजरीलाच घेऊन आला. भर तिकटीवर म्हैस दुकानाच्या पायरीला उभी राहिली. कुतुबुद्दीननं वायर ताणून माईक बाहेर आणला. एक सायकलवाला म्हशीला मुलाखत देताना बघून गटारात गेला.

पहिली हाक वायाच गेली. फितीच्या सुरुवातीला एक कोरी पट्टी असते, तिच्यावर काही उमटत नाही. ती सरकून गेल्यावर कुतुबुद्दीननं मान हलवली. ज्ञानूनं गजरीच्या कुशीला कपाळ टेकलं.

"ये माझी बाय, ये. सोड गं…"

गजरीनं रस्त्यातच पान्हा घातला. चरवी कुणी आणलीच नव्हती! "हाफिजा! अगं, पातेलं आण, पातेलं!" असं कुतुबुद्दीन ओरडला आणि वरच्या मजल्यावरून त्याची बायको पातेलं घेऊन धावली. ते ओरडणंही कॅसेटवर गेलं. "पुन्हा भरू," कुतुबुद्दीन म्हणाला. ज्ञानूनं हातानंच नको म्हटलं. घसा दुखायला लागला होता.

दुसरी बाजू मोकळी होती. ज्ञानूनं सगळ्यांना बाहेर घालवलं, दार लावलं, आणि आता मात्र टेबलाशी बोलत बसला. बाहेर आला तेव्हा खुंट्या त्यानं स्वतःच्या नखानं मोडल्या.

तो मिरजेला गेला आणि धोंडुबाई म्हैस गंगावेशीत न नेता गोठ्यातच, कुतुबुद्दीनचा टेप लावून, धार काढू लागली. पहिल्या दिवशी गजरीनं कान टवकारले, दाराकडं पाहिलं आणि पान्हा घातला. धोंडुबाई रडली. "हाफिजा! पातेलं आण!" आल्यावर रडता रडता हसली. आठवडाभर हे चाललं. मग गजरी त्या डब्याला हुंगू लागली. आत माणूस नाही, हे तिला कळलं असावं. दूध निम्म्यावर आलं, मग पावावर.

एका संध्याकाळी घाईत कॅसेट उलटी पडली आणि अंधाऱ्या गोठ्यात ज्ञानू म्हणाला, "पेंड भिजवून घालतीस न्हवं? आणि तू जेवलीस का? मी नसलो की तशीच झोपतीस. ऊठ. भाकरी खा." धोंडुबाई चरवी तिथंच ठेवून उठली आणि खरोखरच भाकरी खाल्ली. त्यानंतर ती बाजू रोज रात्री चुलीपाशी वाजू लागली.

ज्ञानू परत आला, गळ्याभोवती पांढरा रुमाल गुंडाळून. गल्ली गोळा झाली. जो तो त्या रुमालाकडं चोरून बघत होता. शेजारच्या घरातली, दहावीत शिकणारी आणि उभ्या गल्लीच्या नकला करणारी पोरगी, म्हणजे हे लिहिणारी, तेवढी गप्प राहिली नाही. तिनं मधल्या काळात ज्ञानूच्या हुबेहूब आवाजात गजरीला आळवून बघितलं होतं. धोंडुबाई दचकून बाहेर आली होती. गजरीनं मात्र शेपूट फिरवली होती.

"तात्या, माझ्या आवाजाला न्हाई, टेपच्या आवाजाला न्हाई, तर मुक्याला काय पान्हा घालती? पैज!"

"जिभंला हाड हाय का गं तुझ्या!" धोंडुबाई कडाडली. पण ज्ञानूनं तळवा पुढं केला. टाळी घेतली. मग आपल्या गळ्याकडं बोट केलं, पोरीच्या तोंडाकडं केलं, रस्त्याकडं केलं.

"ते म्हनत्यात," धोंडुबाईनं उलगडलं, "हरलीस तर म्हयनाभर म्हशीफुडं वरडत चालायचं. ह्यांच्या आवाजात."

ज्ञानू गजरीजवळ बसला. कासेला पाणी लावलं. कुशीला कपाळ टेकलं. ओठ हलले, आवाज कसला तो नाहीच, रुमालाखाली नुसता श्वास. गजरीनं मान वळवून त्याची पाठ हुंगली, एक मोठा उसासा टाकला, आणि चरवीत धार वाजली. ज्ञानूनं कपाळ उचललं नाही. बराच वेळ उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गंगावेशीच्या वाटेवर खरखरीत आरोळी उठली, "ओ पावणं, सरका की! म्हस हाय ही, हिला बिरेक न्हाईत!" पुढं चालणारा एक म्हातारा मागं न बघताच बाजूला झाला आणि म्हणाला, "सरकलो की ज्ञानबा, वरडतोस कशाला!" मागून चालणाऱ्या ज्ञानूचे खांदे हसून हसून गदगदा हलत होते, आणि पैजेचे अजून एकोणतीस दिवस बाकी होते.