ड्रायव्हरने गाळलेलं झाड

मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या मळ्यातल्या घरात कॉम्प्युटर आला. सुटे भाग तिने शहरातून एकेक करून आणले आणि स्वतःच जोडले. मळ्यातून एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी दिसतात, तरी लोडशेडिंग आम्हालाही होतंच. वीज आली की मी विहिरीची मोटार चालू करायची आणि घरात येऊन कोथिंबिरीच्या जुड्या बांधत तिच्या मागे बसायची.

तिचा प्रोजेक्ट ग्राफिक्स कार्डाचा होता. कार्डाला चित्र कसं काढायचं ते सांगणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, हे तिने मला समजावलं होतं. एक ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीचा, आतून बंद. दुसरा ओपन सोर्स, म्हणजे देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कोणीही उघडून बघावा असा. दोन्हींवर एकच बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारा प्रोग्रॅम, चालवायचा होता. त्यात पडद्यावर एक बाग दिसे. पायवाट, फुलं, एक तळं, काठावर मोठं झाड. सगळी बाग फिरून झाली की सेकंदाला किती चित्रं काढली त्याचा आकडा येई.

कंपनीच्या ड्रायव्हरवर ती बाग मी इतक्यांदा पाहिली की आपलीच वाटू लागली. ओपन सोर्सवर मात्र बेंचमार्क उघडेचना. ह्या कार्डाला अमुक गोष्ट येत नाही, एवढी एक ओळ येऊन बंद पडे. कार्डाला ती येत होती. त्या ड्रायव्हरला अजून शिकवलेली नव्हती. परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

मग कॉलेजच्या इंटरनेटवर तिला एक उपाय सापडला. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ घालायची, की बेंचमार्कने काहीही विचारलं तरी 'येतं' म्हणून सांग. तशी ओळ घातली आणि बाग चालू झाली. आकडा तर कंपनीच्या ड्रायव्हरपेक्षाही जास्त आला. तिने लगेच आपल्या सरांना फोन केला. सर म्हणाले, हाच तुझ्या प्रोजेक्टचा निकाल.

मला दाखवायला तिने बाग पुन्हा चालवली. मला पटकन बोलता येत नाही, पण आकडा एकदम वाढला की माझं मन मानत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका वाफ्यातून मी सासूबाईंपेक्षा जास्त जुड्या काढल्या होत्या आणि खूश झाले होते. मार्केटात व्यापाऱ्याने एक जुडी मुठीत दाबली आणि आमचा माल बाजूला सारला. काड्या कमी घातल्या की जुड्या वाढतात, एवढंच मी केलं होतं. तेव्हापासून जुड्या जास्त भरल्या की मी आधी एक हातात धरून बघते.

"ह्या तळ्यात झाड दिसत नाय," मी म्हणाले.

"झाड काठावर आहे की, आई."

"काठावर हाय. पाण्यात नाय. आधी पाण्यात उलटं झाड दिसायचं."

"तू जुड्या बांध," ती म्हणाली. मग तिने दोन्ही बागा एकाच जागी थांबवून चित्रं शेजारी शेजारी लावली. कंपनीच्या चित्रात पाण्यात फांद्या होत्या. ह्यात नुसता निळा रंग. ड्रायव्हरने 'येतं' म्हणून सांगितलं होतं आणि जे येत नव्हतं ते गाळलं होतं. काम कमी, म्हणून आकडा मोठा.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, आकडा राहू दे, बाहेरून येणारे परीक्षक चित्र बघत बसत नाहीत. दोन दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

"आकडा काढून टाकला तर माझ्याकडे राहतं काय?" तिने मला विचारलं. "वर्षभर करून एवढंच, की चाललं नाही?"

"चाललं नाय तर तसं लिही. का चाललं नाय ते तुला ठाऊक हाय ना? तेही लिही."

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळं रिक्षात घालून नेलं, मॉनिटर गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर. ती लॅबमध्ये गेली, मी बाहेर बाकावर बसले. दार उघडंच होतं.

परीक्षकांनी दुसरा आकडा कुठे आहे म्हणून विचारलं. ती म्हणाली, आकडा आला होता, पण मी तो धरत नाही. त्यांनी चालवून दाखवायला सांगितलं. सगळी बाग बघून झाल्यावर म्हणाले, सगळं ठीक दिसतंय.

"सर, तळं बघा," ती म्हणाली.

बाग पुन्हा चालली. मग खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला आणि त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे कशामुळे, ती ओळ कुठे घातली, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना कळवलं का. तिने सगळं सांगितलं. दोन्ही चित्रं जोडून त्या लिहिणाऱ्यांना ईमेल केल्याचंही सांगितलं. घरी सुद्धा ती इतकं सलग बोलत नाही. आवाज कुठे अडखळला नाही.

मार्क महिन्याभराने आले, चांगले आले. परीक्षेच्या दिवशी परततानाच रिक्षा थांबवून मी पेढे घेतले होते. निकालाआधी कसले पेढे म्हणून ती माझ्यावर चिडली होती, पण दोन खाल्लेच.