भट्टीवरून उतरवलेल्या पट्ट्या

डॉ. निर्मला पगारे मॅडमना मी प्रथम पाहिलं ते नव्वदच्या दशकात, नाशिकच्या आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत. त्या एका लहानशा पट्टीची एक बाजू तापवत होत्या, दुसरी पाण्याने गार ठेवत होत्या आणि मीटरचा काटा हलत होता. "वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज," एवढंच त्या म्हणाल्या. मला फारसं कळलं नाही, तरी पीएच.डी.ला मी त्यांच्याकडेच नाव नोंदवलं. आज त्यांच्या साठीनिमित्त लिहायला बसले, तरी गोंधळ संपलेला नाही. फक्त त्याचं कारण बदललं आहे.

आमच्या पट्ट्या बिस्मथ आणि टेल्युरियम या मूलद्रव्यांच्या संयुगाच्या होत्या. जास्त उष्णतेत टिकेल असं मिश्रण शोधण्यात मॅडमची कित्येक वर्षं गेली. अखेर सातपूरच्या एका ओतशाळेच्या मालकांनी भट्टीच्या भिंतीवर पट्ट्या बसवू दिल्या. त्या विजेवर छोटा पंखा फिरू लागला. भट्टीवर काम करणारे देवराम भोये हे पेठकडचे कामगार घटकाभर त्याच्या वाऱ्याला उभे राहत. मालक खूश झाले. साऱ्या भट्ट्यांना पट्ट्या लावायचं ठरवून त्यांनी समारंभ ठेवला आणि पाहुणे बोलावले.

त्या दिवशी मॅडमनी नेहमीसारखी देवरामांची विचारपूस केली. ते संकोचून म्हणाले, "तब्येत बरी हाय मॅडम. पण लसूण नाय खाल्ला तरी तोंडाला वास येतो. खोलीतले पोरं हसतात."

मॅडमचा चेहरा उतरला. टेल्युरियमची वाफ शरीरात गेली की श्वासाला असाच वास येतो. पण देवराम जेवत खानावळीत, तिथल्या भाजीत नकळत लसूण असू शकत होता, आणि आमच्या मोजमापात वाफेची गळती कधी दिसली नव्हती. आधी तपासून पाहू, समारंभ होऊ द्या, असं मी सुचवलं.

"तपासू. पण पट्ट्या आत्ता उतरवू," मॅडम म्हणाल्या.

पाहुणे आले तेव्हा भिंत मोकळी होती. मालक भडकले, पुन्हा त्यांनी आम्हाला आत घेतलं नाही. मॅडमनी देवरामांना स्वतः डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांना काही आढळलं नाही. पुढे ते भातलावणीला गावी गेले आणि परतले तेव्हा वास नव्हता. पट्ट्याही सुटल्या होत्या, खानावळही. प्रयोगशाळेत त्याच पट्ट्या तापवल्या, तर कधी त्यांचं वजन किंचित घटलेलं दिसे, म्हणजे वाफ निघाली असावी, कधी नाही.

मॅडमनी टेल्युरियम सोडलं आणि मॅग्नेशियम-सिलिकॉनवर नव्याने सुरुवात केली. वीज कमी मिळाली. माझा प्रबंध लांबला. तोवर मला मुलगी झाली होती. मॅडम घरी येऊन तिला मांडीवर घेत आणि माझी प्रकरणं वाचत. एकदा न राहवून मी विचारलं, आपलं चुकलं तर नाही ना?

"मलाही नक्की माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण माणसाला तिथे उभं ठेवून मला खात्री करून घ्यायची नव्हती."

आम्ही एक चांगला शोध हातचा घालवला की एका माणसाला वाचवलं, हे मला आजही ठरवता येत नाही. मॅडम, तुम्ही खूप वर्षं ठणठणीत राहा. मला तुमच्याशी अजून बराच वाद घालायचा आहे.