थोरल्या साहेबांच्या खांद्यावरचा हात

वडवणीतल्या आमच्या शिक्षणसंस्थेत गेल्या वर्षी एका सकाळी कागदाचं युग संपलं. निमंत्रणपत्रिकेवर तसं छापलंच होतं. प्रत्यक्षात कार्यालयातल्या सहा संगणकांवरची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम काढून नवी टाकली होती. पण तेवढ्यासाठी मांडव घालता येत नाही. मी मराठी शिकवतो, म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडे आलं.

काम एकट्या ऑपरेटरने केलं होतं. तो सिरसाळ्याचा, कंत्राटी. कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं आणि मुदतवाढीची सही अध्यक्षांच्या हातात होती. उद्घाटनाला थोडा वेळ असताना त्याने मला संगणकापाशी ओढत नेलं.

"सर, थोरले साहेब बघा."

थोरले साहेब म्हणजे संस्थेचे दिवंगत संस्थापक, अध्यक्षांचे वडील. प्रत्येक पडद्यावर त्यांचा फोटो असलाच पाहिजे, असा आमच्याकडे दंडक आहे. मूळ फोटोत त्यांच्या शेजारी त्यांचे पुतणे उभे होते. पुढे पुतणे दुसऱ्या पक्षात गेले, तेव्हा मांजरसुंब्याच्या एका स्टुडिओवाल्याने त्यांना फोटोतून सफाईने काढलं होतं. ती सुधारलेली प्रत जुन्या सिस्टीमबरोबर पुसली गेली. ऑपरेटरने मूळ फोटो शोधला आणि घाईत स्वतःच कात्री चालवली. पुतणे गेले, थोरल्या साहेबांच्या खांद्यावरचा त्यांचा हात राहिला. बोटात पोवळ्याची अंगठी. ती अख्खा तालुका ओळखतो.

"आता बदलायला टाइम न्हाई, सर. अध्यक्षांची गाडी फाट्यावर आलीय."

"हार घाल की बे," पूजेचं ताट घेऊन उभा असलेला शिपाई म्हणाला. "पूजा हायच. हाराखाली कोण बघतंय?"

सहाही पडद्यांवर झेंडूचे हार चढले, खांद्यापाशी जरा दाट. अध्यक्ष आले, नारळ फुटला. क्रांती हा शब्द मी दोनदा वापरला. अध्यक्षांनी पहिल्या संगणकाला कुंकू लावलं आणि वडील नीट दिसावेत म्हणून हार बाजूला सारला.

"ह्यो हात कुणाचा?"

मी सूत्रसंचालनाच्या कागदाकडे पाहिलं. त्यात याबद्दल काही नव्हतं.

"आशीर्वादाचा हाय, साहेब," ऑपरेटर म्हणाला.

"अंगठी घालून?"

कुणी हसलं नाही. हसायचं की नाही, हे अध्यक्षांनी अजून ठरवलं नव्हतं. ते अंगठीकडे बराच वेळ बघत राहिले.

"कुणी कापलं?"

"मी, साहेब."

"आन् अख्खा फोटो?"

"हाय, साहेब."

"ठिव जपून. डिलीट करू नको."

मग त्यांनी हार स्वतःच्या हाताने पुन्हा खांद्यावर ओढला आणि मला पुढे चला अशी खूण केली.

महिना संपायच्या आत पुतणे स्वगृही परतले. अध्यक्षांच्या सांगण्यावरून सगळ्या पडद्यांवर अख्खा फोटो लागला. तो हाताशी असल्याबद्दल ऑपरेटरचं कौतुक झालं आणि त्याला मुदतवाढही मिळाली. तिचं पत्र आमच्या हेडक्लार्कनी हाताने लिहिलं, कारण नवी सिस्टीम आल्यापासून कार्यालयातला प्रिंटर चालत नाही.