भिवंडी दाखवणारा दौलत

शेलार गावच्या दौलतला भिवंडीच्या बाजारात सगळे मेहता म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हे. लूमच्या कारखान्यात मालकाच्या पाठीमागे सगळा कारभार बघणाऱ्याला मेहता म्हणतात, आणि दौलतने ते काम एकाच मालकाकडे एकतीस वर्षं केलं. पण त्याचं नाव झालं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. कापड बघायला सुरतेहून, जयपूरहून, कानपूरहून व्यापारी यायचे. सौदा झाला की मालक हाक मारायचा, "दौलत, सेठ को जरा भिवंडी खिला के ला." मग दौलत शेठला स्कूटरवर मागे बसवायचा. तीन बत्तीजवळ एका म्हाताऱ्या चाचांचा मालपुवा, मंडईच्या तोंडाशी कांदाभजी आणि तळलेली मिरची, थंडीत सकाळी मटणाचा खिचडा, शेठ शाकाहारी असला तर एका मारवाड्याकडे दालबाटी, आणि शेवटी साय घातलेली लस्सी. शेठ ढेकर देत परत यायचा आणि पुढच्या खेपेला मालकाच्या आधी दौलतची चौकशी करायचा.

पाच वर्षांपूर्वी मालकाने लूम भंगारात काढले आणि दौलत घरी बसला. तरी गावात कुणाकडे पाहुणा आला की निरोप यायचाच, भिवंडीत कुठं खायचं ते दौलतला विचारा. दौलत आरशात बघून भांग पाडायचा आणि निघायचा. तेवढ्यावर त्याचं म्हातारपण छान चाललं होतं.

मग घरात सून आली. मनाली संगमनेरची. दौलतच्या मुलाची, दीपेशची, आणि तिची ओळख पुण्यात नोकरीत झाली, लग्न दोघांनी ठरवलं आणि घरच्यांनी लावलं. लग्नानंतर पहिल्या महिन्यात दौलतने मोठ्या हौसेने तिला दोन रविवार स्कूटरवर फिरवलं, आपली पाचही दुकानं दाखवली आणि म्हणाला, "झाली भिवंडी."

मनालीने मान डोलावली. सगळं आवडीने खाल्लं. पण सहा महिन्यांत तिला भिवंडीतल्याच कामतघरच्या एका शाळेत नोकरी लागली, आणि शाळा सुटली की ती रिक्षा पकडायच्या आधी दोन-तीन गल्ल्या पायी हिंडायला लागली. आज बिहारी माणसाच्या गाड्यावरची लिट्टी, उद्या कुण्या केरळ्याकडचे तेलातून आत्ताच काढलेले केळ्याचे वेफर. संध्याकाळी तिच्या पिशवीतून पुडी निघायची आणि घर पुडीभोवती जमायचं. दौलत एक तुकडा तोंडात टाकायचा. "ठीक हाय," म्हणायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा.

त्याला सगळ्यात जास्त लागलं ते कमळचं, त्याच्या बायकोचं. कमळ दर गुरुवारी मनालीची शाळा सुटायच्या वेळी रिक्षाने कामतघरला जायला लागली. दोघी मिळून बाजार फिरायच्या, काहीतरी खायच्या आणि हसत घरी यायच्या. एकदा दौलत म्हणाला, "या वयात रस्त्यावर उभं राहून खाता, लोक काय म्हणतील?"

कमळ भाकरी थापता थापता म्हणाली, "पस्तीस वर्सां झाली लग्नाला. सगल्या हिंदुस्थानचे शेठ तुमी फिरवलाव. मना कवा नेलाव?"

दौलत चिडून अंगणात गेला. पण राग कमळचा आला नाही, सुनेचा आला. ही यायच्या आधी कमळने असं कधी विचारलं नव्हतं.

आणि मग मनालीला पद्मानगरची आक्का सापडली. पद्मानगर म्हणजे भिवंडीतली तेलुगू विणकरांची वस्ती. तिथे एका चाळीत आक्का नावाची सत्तरीची बाई घरातच सकिनालू करून विकते. भिजवलेल्या तांदळाच्या पिठात तीळ आणि ओवा घालायचा, दोन बोटांनी पीळ देत कापडावर एकात एक गोल वळायचे आणि तळायचे. चकलीसारखं दिसतं, पण सोऱ्या नाही, सगळं बोटांचं काम. मनालीने पहिल्यांदा आणले तेव्हा दीपेश उभ्या उभ्या सहा खाऊन मोकळा झाला.

"बाबा, घ्या ना," मनालीने ताटली पुढे केली.

"चकलीचं सावत्र भावंड दिसतंय," दौलत म्हणाला आणि हातसुद्धा लावला नाही. त्या गल्लीवरून तो एकतीस वर्षं गेला होता. तिथे काही खाण्यासारखं असतं, तर ते दौलतला कळलं नसतं?

जानेवारीत मनालीचे मामा-मामी संगमनेरहून फिरायला आले. मामा एसटीतून निवृत्त झालेले, बोलके, खाण्याचे शौकीन. पहिल्या दिवशी वज्रेश्वरी करून आले आणि रात्री जेवताना म्हणाले, "आता उद्या तुमचं शहर दाखवा बरं."

दौलतने पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला. "असं करू, आधी तीन बत्तीला..."

"सहा महिने मनालीचे फोटो बघतोय मोबाइलवर," मामांचं तोंड मनालीकडे होतं. "त्या आक्कांचे सकिनालू खाल्ल्याशिवाय मी संगमनेरला परत जात नाही. हिला घरी असताना साधं चौकातलं दुकान सापडायचं नाही, आणि इथे अख्खी भिवंडी पाठ!"

सगळे हसले. मनाली सकाळचा बेत सांगू लागली. आधी मंडई, मग सुक्या मासळीचा बाजार, बाराच्या सुमाराला आक्का. दीपेशने माणसं मोजली. तो, मनाली, मामा, मामी आणि आई. "गाडी फुल झाली. बाबा, तुमचं तर सगळं बघितलेलंच हाय ना?"

"मना कामं हायत," दौलत म्हणाला. आपलंच घर, आपलेच पाहुणे, आणि आपण आपल्याच शहरात जागा मागायची? रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहिला. पहाटे डोळा लागता लागता त्याला एक युक्ती सुचली आणि तो चक्क हसला.

गाडी दहाला निघाली. तिचा आवाज वळणापलीकडे गेल्यावर दौलतने स्कूटर काढली आणि सरळ पद्मानगर गाठलं. घर शोधायला वेळ लागला नाही. तेलाचा आणि तिळाचा वास जिन्यापर्यंत आला होता. आक्का जमिनीवर बसली होती, पुढ्यात पांढरं कापड, त्यावर ओळीने ओली वेटोळी. पलीकडे मोठ्या डब्यात तळलेले सकिनालू रचलेले.

"हे सगळे पाहिजेत," दौलत म्हणाला.

"सगळे?" आक्काची बोटं थांबली. "हे वळलेले पण?"

"तेही. तळून द्या. पाहुणे हायत घरी." हे काही खोटं नव्हतं.

"कुठले पाहुणे?"

"संगमनेरचे."

आक्काचा चेहरा उजळला. "म्हणजे मनालीचे मामा! ती बोलली होती, शनिवारी आणते म्हणून. मग तुम्ही..." तिने चष्मा वर सरकवला, नीट पाहिलं आणि लगबगीने पदर सारखा केला. "मेहतासाब! ओळखलं नाही मला? कसं ओळखणार, मी कारखान्यात कुठे आले. आमचे हे तुमच्याकडे होते ना. सोळा नंबरच्या लूमवर. बारा वर्षं."

दौलतला सोळा नंबर आठवला. काळासावळा, कमी बोलणारा, कधी खाडा न करणारा माणूस.

"गेले ते, चार वर्षं झाली," आक्का म्हणाली. "तुमचं नाव घ्यायचे नेहमी. दर संक्रांतीला मी डबा द्यायची तुमच्यासाठी. हेच, सकिनालू. रिकामा डबा घेऊन आले की मी विचारायची, मेहतासाबला आवडलं का? हे म्हणायचे, छान होतं बोलले."

दौलत खाटेच्या कडेवर टेकला. डबा त्याला आठवला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर स्टीलचा एक डबा यायचा. तो त्याने एकदाही उघडला नव्हता. कामगाराच्या घरचं, काय असणार? तो डबा सरळ वॉचमनकडे जायचा, आणि संध्याकाळी रिकामा परत करताना दौलत रीत म्हणून दोन शब्द बोलायचा.

आक्काने एक गरम सकिनाल वाटीत घालून पुढे केला. आता नाही म्हणायची सोय नव्हती. दौलतने तो मोडला. कुरकुरीत आवाज झाला, आधी तीळ लागला, मग ओवा, आणि तांदळाची गोडी सगळ्यात शेवटी. एकतीस वर्षांत त्याने कुण्या शेठला याच्यापेक्षा चांगलं काही खिलवलं नव्हतं. बारा संक्रांती ही चीज आपल्या टेबलावर, आपल्या हाताच्या अंतरावर, आणि नाव झालं काल आलेल्या पोरीचं!

दोन भरलेल्या पिशव्या घेऊन तो खाली उतरला, आणि गल्लीच्या तोंडाशी दीपेशची गाडी येऊन थांबली. मंडईत गर्दी म्हणून ते बाजार सोडून आधीच आले होते.

"बाबा?" मनाली उतरली. "तुम्ही इथे?"

वरच्या कठड्यावरून आक्काच बोलली, "अगं, तुझे सासरे सगळे घेऊन गेले मामांसाठी! एक नाही ठेवला."

"वा, दौलतराव!" मामांनी गाडीतूनच हात जोडले. "आमच्या आधी येऊन हजर! याला म्हणतात पाहुणचार."

मनालीने पिशव्यांकडे पाहिलं, मग दौलतच्या चेहऱ्याकडे. कमळ गाडीतून उतरलीच नाही. काचेमागून ती नवऱ्याकडे एकटक बघत होती. तिला सगळं कळलं होतं, हे दौलतला कळलं.

त्या क्षणी गप्प बसला असता तरी निभावलं असतं. पण मामा कौतुकाने बघत होते, आणि किती दिवसांनी तसं कुणी बघत होतं. दौलतच्या तोंडून निघून गेलं, "आक्काच्या हातचे सकिनालू मना काय नवीन न्हाय. पंधरा-वीस वर्सांपूर्वीपासून ठाऊक हाय. तिचा नवरा माझ्याच हाताखाली होता."

"हो, हो," वरून आक्का म्हणाली. "दर संक्रांतीला डबा जायचा!"

"बघ मनाली," मामा हसले, "तुला वाटलं तू शोधून काढलंस. सासरे तुझ्या आधी येऊन गेलेत."

मनालीही हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. गालांवर रंग चढला, नजर चपलांकडे गेली. दौलतने तो चेहरा पाहिला आणि त्याला तो लगेच ओळखू आला. वर्षभर दाढी करताना आरशात तो हाच चेहरा बघत होता.

तो जिंकला होता. घरी मामा सकिनालू खाऊन खूश झाले, डबा भरून संगमनेरला घेऊन गेले, निघताना दौलतच्या पाया पडले. दौलतने मात्र त्या दिवशी दुसरा सकिनाल हातात घेतला आणि परत ताटलीत ठेवला. कमळ त्याच्याशी दोन दिवस कामापुरतं बोलली. मनाली चहा आणून द्यायची, पेपर द्यायची, सगळं व्यवस्थित. पिशवीतून पुडी मात्र निघेनाशी झाली. गुरुवारी शाळेतून ती सरळ घरी आली.

शेवटी दौलतच गच्चीवर गेला. मनाली कपडे वाळत घालत होती.

"मी ते कधी खाल्ले नव्हते," तो म्हणाला. "डबा यायचा, मी वॉचमनला द्यायचो. त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला. आणि आणले ते मामांसाठी न्हाय. तुला मिळू नयेत म्हणून."

मनाली चादर झटकत राहिली. "शेवटचं आईंनी सांगितलं मला," ती म्हणाली. "पहिलं माहीत नव्हतं."

"रागावलीस?"

"हो." तिने चिमटा लावला. "बाबा, इथे सगळं तुमचं आहे. घर तुमचं, गाव तुमचं, ओळखी तुमच्या. मला लोक दीपेशची बायको म्हणून ओळखतात, नाहीतर मेहताची सून म्हणून. आक्का एकटी होती जी मला मनाली म्हणून ओळखायची. तुम्ही तेही घेतलंत."

दौलतने मान खाली घातली. बादलीत उरलेला टॉवेल त्याने पिळला आणि तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तो पद्मानगरला गेला आणि आक्कालाही डब्याची गोष्ट सांगून टाकली. आक्का बराच वेळ पीठ वळत राहिली. दौलतला वाटलं, आता ही आपल्याला जिना दाखवणार.

"वॉचमनला आवडायचं?" तिने विचारलं.

"डबा चाटूनपुसून द्यायचा."

"मग झालं," आक्का म्हणाली आणि पुढचं वेटोळं सुरू केलं. "पण त्यांना हे कळलं नाही, ते बरं झालं."

दौलत खाली आला. स्कूटरजवळ किती वेळ उभा राहिला, ते त्याला सांगता येणार नाही.

मनाली एकदम पूर्वीसारखी झाली नाही. पण पंधरा दिवसांनी तिच्या पिशवीतून कसलीशी पुडी निघाली. दौलतने उठून टीव्ही बंद केला आणि कुठून आणलं, कोण करतं, ते विचारलं. तिने थोडक्यात सांगितलं. कमळने ते पुढे रंगवून सांगितलं.

परवा शेजारच्या दापोडे गावातल्या ओळखीच्या लडकूचा फोन आला. त्याच्या गोडाऊनला बाहेरगावचे पाहुणे येणार होते. "मेहता, यांना भिवंडीत कुठं फिरवू?"

दौलतच्या जिभेवर पाचही दुकानं ओळीने आली. त्याने डोळे मिटले. "माझ्या सुनेला विचार," तो म्हणाला. "नंबर देतो. मनाली तिचं नाव."

फोन ठेवला, आणि तरीही त्याच्या छातीत चरचरलंच. आतल्या खोलीत मनालीचा फोन वाजला, ती उत्साहाने गल्ल्यांची नावं घेऊ लागली. दौलत उठला, परसात गेला आणि वांग्यांना पाणी घालत बसला. दोनदा घातलं.